बॉडी बदलण्याआधी: आर५० आणि आर५ मार्क टू यांच्यातला फरक नेमका कुठे दिसतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्याकडे कॅनन आर५० हा एंट्री-लेव्हल मिररलेस कॅमेरा आणि त्यासोबत आलेली १८-४५ मिमीची किट लेन्स आहे. तुम्ही सभागृहातल्या नृत्याचे, मुलांच्या सामन्यांचे आणि अधूनमधून पक्ष्यांचे फोटो काढता. सभागृहातले फोटो हललेले आणि दाणेदार येतात, आणि आता एका परिचितांनी घरच्या लग्नाच्या फोटोंचे काम मोबदला देऊन तुमच्यावर सोपवले आहे. अशा वेळी कॅननचीच आर५ मार्क टू सारखी व्यावसायिक बॉडी (म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा) घेतली तर फोटो किती सुधारतील, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

माझे मत आधीच सांगतो. सभागृहातल्या फोटोंची तुमची तक्रार बॉडीपेक्षा लेन्समुळे अधिक आहे, आणि ती तुलनेने थोड्या खर्चात दूर होईल. व्यावसायिक बॉडीसाठी मोजलेल्या पैशांचा मोठा भाग चित्राच्या दर्जासाठी नसतोच. हवा तो क्षण हातचा जाऊ नये आणि टिपलेला फोटो नंतर हरवू नये, या दोन गोष्टींची किंमत त्यात असते. लग्नाच्या कामात या दोन्ही गोष्टींना मोल आहे, नृत्याच्या हौशी फोटोंत त्या मानाने कमी.

आधी प्रकाशाचा हिशेब करू, कारण बहुतेकांचे गणित तिथेच चुकते. तुमची किट लेन्स ४५ मिमीला जास्तीत जास्त एफ/६.३ पर्यंत उघडते (एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र मोठे). समजा सभागृहात एफ/६.३, आयएसओ (प्रकाशाची संवेदनक्षमता) ६४०० आणि शटर (प्रकाश आत घेण्याचा वेळ) १/६० सेकंद असे एक्स्पोजर मिळते. १/६० ला नाचणाऱ्या व्यक्तीचे हात-पाय हललेले येणारच. त्यात कॅमेऱ्याचा दोष नाही. आता लेन्स तीच ठेवून फक्त सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) मोठा झाला अशी कल्पना करा. आर५० च्या एपीएस-सी सेन्सरचे क्षेत्रफळ सुमारे ३३२ चौरस मिमी आणि फुल-फ्रेमचे (आर५ मार्क टू मधल्या मोठ्या सेन्सरचे) ८६४ चौरस मिमी, म्हणजे साधारण २.६ पट. याचा अर्थ तेवढ्याच नॉईजसाठी (दाण्यांसाठी) तुम्हाला सव्वा ते दीड स्टॉपची (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) सवलत मिळते आणि शटर १/१५० च्या आसपास नेता येतो. सुधारणा खरी आहे, पण नृत्याला ती पुरत नाही. याउलट आहे त्याच आर५० वर ५० मिमी एफ/१.८ लेन्स लावली, तर एफ/६.३ च्या तुलनेत बारा पट प्रकाश आत येतो. मग शटर १/५०० वर नेऊनही आयएसओ ४००० च्या आसपास उतरवता येतो. हलणे थांबते आणि दाणेही कमी होतात, आणि हे सगळे बॉडीला हात न लावता.

या लेन्सची एक मर्यादा मात्र आधीच लक्षात घ्या. एफ/१.८ ला तीन मीटर अंतरावर तुम्हाला जेमतेम पाव मीटरची फोकसची पट्टी मिळते. सहा मीटरवर ती साधारण एक मीटर होते. एकट्या नर्तकीसाठी हे पुरते. आठ जणांचा समूह दोन रांगांत उभा असेल तर मागची रांग मऊ पडेल, आणि तिथे एफ/२.८ किंवा एफ/४ पर्यंत छिद्र बंद करून आयएसओ वाढवण्याला पर्याय नाही. झूमची सोयही जाते. जागा बदलून चौकट बांधण्याची सवय करावी लागते, आणि प्रेक्षागृहात ते दर वेळी शक्य नसते.

आणखी एक गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत. तुमची १८-४५ ही लेन्स एपीएस-सी सेन्सरसाठी बनवलेली आहे. आरएफ माउंट (लेन्स जोडण्याची जागा) एकच असल्यामुळे ती आर५ मार्क टू वर बसते आणि चालतेही, पण कॅमेरा आपोआप सेन्सरचा मधला भागच वापरतो आणि ४५ मेगापिक्सेलमधून सुमारे १७ मेगापिक्सेल उरतात. तुमच्या आर५० चा सेन्सर २४ मेगापिक्सेलचा आहे. म्हणजे महागडी बॉडी घेतली आणि लेन्स जुनीच ठेवली, तर आजच्यापेक्षा कमी तपशील पदरात पडेल आणि मोठ्या सेन्सरचा प्रकाशाचा फायदाही जवळपास सगळा निघून जाईल. फुल-फ्रेम बॉडीचा खरा खर्च फुल-फ्रेम लेन्स धरूनच मोजायला हवा.

चांगल्या प्रकाशात दोन्ही कॅमेऱ्यांच्या फोटोंत किती फरक दिसतो? आर५० ची फाइल ६००० × ४००० पिक्सेलची असते. ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ती २० × १३ इंचांची छपाई देते, म्हणजे ए३ पेक्षा मोठी. आर५ मार्क टू ची फाइल ८१९२ × ५४६४ पिक्सेलची, म्हणजे २७ × १८ इंच. मेगापिक्सेल जवळपास दुप्पट दिसले, तरी लांबीच्या दिशेने वाढ ३७ टक्क्यांच्या आसपासच आहे. दिवसाउजेडी, आयएसओ २०० ला, सारख्याच दर्जाच्या लेन्सने काढलेले दोन फोटो ए४ आकारात छापून समोर ठेवले, तर कोणता कोणत्या कॅमेऱ्याचा हे सांगणे अनुभवी माणसालाही अवघड जाते. फरक उघड होतो तो सावल्या खूप उजळवताना, मोठी क्रॉप घेताना, किंवा आयएसओ ६४०० च्या पुढे. पडद्यावर शंभर टक्के झूम करून नॉईज मोजत बसणाऱ्यांना तो आणखी लवकर दिसतो, पण ज्यांच्यासाठी आपण फोटो काढतो ते लोक फोटो तसे पाहत नाहीत.

आता ज्यासाठी व्यावसायिक बॉडीचे पैसे खऱ्या अर्थाने मोजले जातात त्या भागाकडे वळतो. त्याचे मूळ सेन्सर किती वेगाने वाचला जातो यात आहे. इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सरच्या ओळी एकापाठोपाठ एक वाचल्या जातात. साध्या सेन्सरला सगळी चौकट वाचायला साधारण ३० ते ६० मिलिसेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात विषय सरकला तर तो तिरका येतो: बॅट वाकलेली दिसते, पक्ष्याचे पंख रबरासारखे ताणलेले दिसतात. एलईडी दिव्यांखाली चित्रात आडवे पट्टे पडतात तेही याच कारणाने, कारण दिव्याचा प्रकाश डोळ्याला स्थिर वाटला तरी प्रत्यक्षात तो लुकलुकत असतो. आर५ मार्क टू मध्ये स्टॅक्ड सेन्सर आहे, म्हणजे पिक्सेलच्या थराखालीच वेगवान वाचनाचे सर्किट बसवलेले आहे, आणि त्यामुळे सगळी चौकट सुमारे ६ मिलिसेकंदांत वाचून होते. निकॉनने २०२१ मध्ये झेड९ आणताना याच वेगाच्या भरवशावर यांत्रिक शटर काढूनच टाकले. तिथे वाचनाला सुमारे ४ मिलिसेकंदच लागतात. सोनीच्या ए९ थ्री मध्ये ग्लोबल शटर आहे. त्यात सगळे पिक्सेल एकाच क्षणी टिपले जातात, म्हणून तिरकेपणाचा प्रश्नच उरत नाही आणि फ्लॅश कोणत्याही शटर वेगाला वापरता येतो. अर्थात हा वेग फुकट मिळत नाही. ए९ थ्री चा मूळ (सर्वात कमी) आयएसओच २५० इतका चढा आहे, आणि स्टॅक्ड सेन्सरच्या सावल्यांत कधीकधी साध्या फुल-फ्रेम सेन्सरपेक्षा थोडा जास्त नॉईज आढळतो. निवांत निसर्गचित्रे काढणाऱ्याला ही अदलाबदल तोट्याची ठरू शकते.

तुमच्या कामात याचा अर्थ असा. लग्नातले विधी चालू असताना, किंवा नृत्यातल्या शांत क्षणी, शटरचा आवाज नको असतो. आर५० चे इलेक्ट्रॉनिक शटर आवाजमुक्त आहे, पण हालचाल आणि कृत्रिम दिवे आले की त्याच्यावर विसंबता येत नाही, म्हणून इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन (सुरुवात इलेक्ट्रॉनिक, शेवट यांत्रिक पडद्याने करणारे शटर) वापरावे लागते आणि ते टकटक करते. आर५ मार्क टू वर तुम्ही पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटरवर सेकंदाला ३० फ्रेमपर्यंत मूकपणे काम करू शकता, आणि बहुतेक दिव्यांखाली निकाल स्वच्छ येतो. बहुतेक म्हणतो, सर्व नाही. काही एलईडी पडदे आणि रंगीत दिवे इतक्या वेगाने लुकलुकतात की तिथेही पट्टे येतात, आणि मग यांत्रिक शटरकडे परतावे लागते.

फर्स्ट कर्टनचा विषय निघालाच आहे, म्हणून एक बारकावा. आर५० मध्ये पूर्ण यांत्रिक शटर नाही. भर उन्हात एफ/१.८ ला १/२००० किंवा १/४००० वेग वापरला, तर पार्श्वभूमीतले गोल ठिपके अर्धवट कापल्यासारखे दिसू शकतात. तुम्ही ५० मिमी एफ/१.८ घेतल्यावर हे कधीतरी नजरेस पडेल. तेव्हा लेन्स सदोष आहे असे समजू नका. छिद्र थोडे बंद करा किंवा एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी काच) लावून वेग कमी करा.

बर्स्टचे (बटण दाबून ठेवून सलग फोटो काढण्याचे) आकडे जाहिरातीत आकर्षक दिसतात. आर५० सेकंदाला १२ फ्रेम काढतो हे खरे आहे. पण रॉ (प्रक्रिया न केलेल्या, मोठ्या) फायलींमध्ये असा मारा केला तर साधारण सेकंदाभरातच बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी) भरतो आणि कॅमेरा कार्डावर लिहिता लिहिता अडखळू लागतो. त्याचा कार्ड स्लॉट यूएचएस-वन प्रकारचा आहे आणि त्या मार्गाची कमाल मर्यादाच सेकंदाला १०४ मेगाबाइट आहे, त्यामुळे महागडे वेगवान कार्ड घेऊनही फारसा उपयोग होत नाही. मुलांच्या सामन्यात चेंडू गोलपोस्टकडे निघाल्यावर बटण दाबून ठेवणाऱ्यांचा निर्णायक क्षण नेमका या अडखळण्यात जातो. आकाराने लहान असलेले जेपेग वापरले तर बफर बराच वेळ टिकतो, म्हणून सामन्यांसाठी जेपेग आणि छोटे, नेमक्या वेळी केलेले बर्स्ट ही आर५० वरची योग्य पद्धत आहे. व्यावसायिक बॉडीत सीएफएक्स्प्रेस हे खूप वेगवान कार्ड असल्याने ही काळजी बहुतांशी मिटते.

ऑटोफोकसबाबत मात्र अनेकांचा गैरसमज दिसतो. आर५० मध्ये माणसे, प्राणी आणि वाहने ओळखणारी ड्युअल पिक्सेल सीमॉस एएफ टू ही प्रणाली आहे, आणि काही वर्षांपूर्वीच्या सर्वात महाग कॅमेऱ्यांतही डोळा इतक्या सहज सापडत नसे. एकटी व्यक्ती, बऱ्यापैकी प्रकाश, मध्यम वेग अशा परिस्थितीत दोन्ही बॉडींतला फरक तुम्हाला फारसा जाणवणार नाही. तो जाणवतो गर्दीत. नववधूसमोरून कोणी आडवे गेले, की स्वस्त बॉडी त्या माणसावर फोकस नेते आणि परत यायला वेळ घेते. व्यावसायिक बॉडी वेगवान वाचनामुळे विषयाची स्थिती जास्त वेळा तपासू शकते आणि चिकटून राहते. शिवाय फ्रेम दरम्यान व्ह्यूफाइंडर काळा होत नाही, म्हणून हलणाऱ्या विषयाचा मागोवा घेणे तुमच्या डोळ्यालाही सोपे जाते. आर५० चा व्ह्यूफाइंडर २३.६ लाख बिंदूंचा आणि आर५ मार्क टू चा ५७.६ लाख बिंदूंचा आहे. पण दिवसभर डोळा लावून काम करताना बिंदूंच्या संख्येपेक्षा हा न तुटणारा प्रवाहच जास्त उपयोगी पडतो.

हाताळणीबद्दल तुलनेच्या तक्त्यांत फार कमी लिहिलेले असते, आणि माझ्या मते दिवसभराच्या कामात तीच सर्वात आधी जाणवते. आर५० वर फोकसबिंदू हलवायला जॉयस्टिक नाही आणि पडद्यावर बोट फिरवावे लागते. मागच्या अंगठ्याखाली स्वतंत्र एएफ-ऑन (फक्त फोकस करणारे) बटण नाही. शटर, छिद्र आणि आयएसओ तिन्ही हाताने बदलायचे असतील तर एकाच डायलवर बटणे दाबत फिरावे लागते. घराबाहेरच्या निवांत फेरफटक्यात याचे काही वाटत नाही. पण मंडपातून खोलीत, खोलीतून उन्हात अशी धावपळ असते तेव्हा डोळा व्ह्यूफाइंडरवरून न काढता तिन्ही गोष्टी बदलता येणे म्हणजे प्रत्येक प्रसंगात दोन-तीन सेकंद वाचणे. वजनाची बाजू अर्थातच उलट आहे: बॅटरी आणि कार्डासह आर५० सुमारे ३७५ ग्रॅमचा आणि आर५ मार्क टू सुमारे ७४६ ग्रॅमचा, आणि त्यावर एफ/२.८ झूम लावली की पट्टा खांद्यात रुततो. प्रवासात सोबत असलेला छोटा कॅमेरा घरी राहिलेल्या मोठ्या कॅमेऱ्यापेक्षा जास्त फोटो देतो, हे हौशी माणसाने विसरू नये.

बॉडीतल्या स्टॅबिलायझेशनचे (हाताचा कंप भरून काढणाऱ्या यंत्रणेचे) थोडक्यात सांगतो. आर५ मार्क टू मध्ये ते आहे, आर५० मध्ये नाही. हातात कॅमेरा धरून अंधाऱ्या वास्तूचे फोटो काढणाऱ्याला ते वरदान आहे. नाचणाऱ्या माणसाला ते थांबवत नाही, त्यामुळे तुमच्या मूळ तक्रारीवर त्याचा उपयोग शून्य. व्हिडिओत ते कामाचे आहे, आणि तिथे हेडफोनची जोडणी, पूर्ण आकाराचे एचडीएमआय अशा सोयीही व्यावसायिक बॉडीतच मिळतात. पण तुम्ही व्हिडिओबद्दल विचारलेले नाही, म्हणून त्यात शिरत नाही.

पक्ष्यांच्या बाबतीत गणित उलटे फिरते. एकाच लेन्सने, एकाच अंतरावरून पक्षी टिपला, तर आर५० त्याच्यावर जास्त पिक्सेल खर्च करतो, कारण २४ मेगापिक्सेल लहान सेन्सरवर दाटलेले आहेत, तर फुल-फ्रेमच्या तेवढ्याच भागात १७ मेगापिक्सेल येतात. फांदीवर बसलेल्या पक्ष्यासाठी तुमची सध्याची बॉडी अजिबात कमी पडत नाही. हवी आहे ती लांब लेन्स. उडणाऱ्या पक्ष्यासाठी मात्र वर सांगितलेले वाचनाचा वेग, बफर आणि न तुटणारा व्ह्यूफाइंडर हे सगळे मुद्दे एकाच वेळी लागू होतात आणि व्यावसायिक बॉडी स्पष्टपणे पुढे जाते.

आता लग्नाकडे. मोबदला घेऊन न परतणारा प्रसंग टिपताना एका कार्ड स्लॉटवर काम करणे मला पटत नाही. कार्डे क्वचितच बिघडतात. पण बिघडतात तेव्हा काहीही पूर्वसूचना देत नाहीत, आणि गेलेला विधी पुन्हा घडवता येत नाही. आर५ मार्क टू मध्ये एक सीएफएक्स्प्रेस आणि एक एसडी असे दोन स्लॉट आहेत आणि प्रत्येक फोटो दोन्हीकडे एकाच वेळी लिहिता येतो. यात कॅमेऱ्याचा वेग दोहोंतल्या संथ कार्डाइतकाच राहतो, म्हणून एसडी कार्डही यूएचएस-टू (यूएचएस-वनपेक्षा वेगवान) आणि चांगल्या प्रतीचेच घ्यावे लागते. पावसाची सर किंवा धूळ रोखणारे सीलिंगही आर५० ला नाही. आणि फ्लॅशबाबत एक अडचण अशी की आर५० च्या वरच्या शूला (फ्लॅश बसवायच्या खाचेला) जुन्या पद्धतीचे मधले संपर्कबिंदू नाहीत; नेहमीचा फ्लॅश किंवा ट्रिगर लावायचा तर एडी-ई१ हा अडॅप्टर लागतो. संध्याकाळच्या समारंभात छताला फ्लॅश मारून मऊ प्रकाश मिळवण्याची पद्धत अजूनही सर्वांत भरवशाची आहे, तेव्हा अडॅप्टर आणि फ्लॅश आधी मिळवा.

बॉडीच्या किमतीमागे लपलेला खर्चही मोजा. ४५ मेगापिक्सेलची एक रॉ फाइल साधारण ४५ ते ५० मेगाबाइटची होते. सेकंदाला ३० फ्रेमच्या वेगाने म्हणजे दर सेकंदाला सव्वा गिगाबाइटहून जास्त. सीएफएक्स्प्रेस कार्ड, त्याचा रीडर, जादा बॅटरी, मोठ्या हार्ड डिस्कच्या दोन प्रती आणि या फायली न रखडता उघडणारा संगणक, हे सगळे बॉडीपाठोपाठ दारात येते. फ्रेमचा वेग १० ते १५ वर ठेवून आणि कॉम्प्रेस्ड रॉ वापरून यातला बराच भार कमी करता येतो, आणि मी तरी समारंभात ३० चा वेग जवळजवळ कधीच लावत नाही; निवड करताना डोळे शिणतात.

माझा सल्ला त्यामुळे असा. आत्ता ५० मिमी एफ/१.८ लेन्स, एक फ्लॅश आणि अडॅप्टर घ्या. सभागृहाची तक्रार तिथेच संपेल, आणि ही लेन्स फुल-फ्रेमसाठी बनलेली असल्याने उद्या बॉडी बदलली तरी पूर्ण कामाची राहील. त्यानंतर काही काळ आपले फसलेले फोटो कारणानुसार वेगळे करून पाहा. हललेले आणि दाणेदार जास्त असतील, तर अजून लेन्स आणि प्रकाश यांवर खर्च करा. चुकलेला फोकस, भरलेला बफर, सेटिंग बदलेपर्यंत निसटलेला क्षण आणि तिरका किंवा पट्टे पडलेला आवाजमुक्त शॉट ही कारणे जास्त निघाली, तर तुम्ही खरोखर बॉडीच्या मर्यादेपाशी पोहोचला आहात आणि खर्च रास्त ठरेल. तेव्हाही थेट आर५ मार्क टू पर्यंत जाण्याआधी दोन कार्ड स्लॉट आणि बॉडीतले स्टॅबिलायझेशन असलेल्या मधल्या श्रेणीच्या फुल-फ्रेम बॉडी पाहा; लग्नाच्या कामाला ४५ मेगापिक्सेल क्वचितच लागतात.

ठरलेल्या लग्नासाठी बॉडी विकत घेऊ नका, दोन स्लॉटची बॉडी आणि २४-७० मिमी एफ/२.८ लेन्स भाड्याने घ्या आणि आर५० दुसरा कॅमेरा म्हणून ५० मिमी लेन्ससह गळ्यात ठेवा. भाड्याचा कॅमेरा आदल्या दिवशी नव्हे, तर चार-पाच दिवस आधी हातात येईल असे पाहा, म्हणजे बटणांची जागा बोटांना सरावाची होईल. आधीच्या माणसाने बदललेल्या सेटिंग एकदा पूर्ण रीसेट करा, दोन्ही स्लॉटवर रॉ लिहिले जात असल्याची खात्री करा, आणि दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळे सेकंदापर्यंत जुळवून ठेवा; तसे केले नाही तर नंतर दोन्हीकडचे फोटो विधींच्या क्रमाने लावताना संपूर्ण संध्याकाळ जाते.